मॉर्फिनचा परवाना

तीन दिवस माझ्या पायाला भिंगरी लागली होती. टाऊन बस, ऑटो, पुन्हा टाऊन बस. अनिरुद्धरावांच्या, म्हणजे आमच्या यांच्या, हाडांत कॅन्सर उतरलेला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या नि वर म्हणाले, "मिळतात का बघा." म्हणजे लिहायचं डॉक्टरांनी, आणि धुंडायचं मी.

तंजावूरची आठ दुकानं झाली. एकानं शेजारच्या तिरुवैयारूला पाठवलं, तिथल्यानं हात जोडले. एक जण तर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत बसला, जशी काही ही साठीची बाई नशा करायलाच आलीय. घरी हे उशी दातांत धरून पडलेले. मला दोन घोट कॉफी प्यायलाही बसवेना.

छोटं दुकान म्हणून मागं ठेवलेल्या राममूर्तीकडे शेवटी गेले. तीस वर्षं आमचं औषध त्याच्याच दुकानातलं. चिठ्ठी वाचून त्यानं ती परत माझ्यापुढं सरकवली.

"अक्का, नशेच्या औषधांवरचा पंच्याऐंशीचा कायदा आहे. एक गोळी इकडची तिकडं झाली तर दहा वर्षं आत. तरी मी परवाना मागितला होता. चारदा."

"मग दिला का नाही मेल्यांनी? कोण बसलं होतं तिथं, दगड?"

तो काउंटर पुसत राहिला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "आपले अण्णाच होते."

अण्णा म्हणजे आमचेच हे. दोन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत परवान्याच्या ऑफिसात. आमच्या भाच्याला, रघोजीला, नशेच्या सुईनं नेलं, तेव्हापासून यांनी हट्टच धरला होता की जिल्ह्यात असली एक गोळी शिरू द्यायची नाही. अर्ज आला की काहीतरी शेरा मारायचा नि परत पाठवायचा. जेवताना मला सांगायचे. मीही तूप वाढत म्हणायचे, बरं केलंत. त्यात राममूर्तीचा अर्ज आहे नि ती गोळी हीच, हे मला कुठं ठाऊक! आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी आले तशी यांनी मान वळवली.

"राममूर्तीकडं मिळाली?"

"नाही." मग मला राहवलं नाही. "त्याचा परवाना तुम्हीच अडवलात. ठाऊक होतं तुम्हांला, मग तीन दिवस मला कशाला पळवलंत?"

हे कण्हत भिंतीकडं वळले. मग म्हणाले, "वाटलं, माझ्यामागून आलेल्या कुणीतरी सही केली असेल."