ओ न दिलेली हाक

घाबरू नका मित्रांनो, मी ओरडणार नाही. मी एक जुना भोंगा आहे, नदीकाठच्या टेकडीवर लोखंडी खांबाला टांगलेला. माझ्या तारा केव्हाच कापून नेल्या. तरीही धुकं उतरलं की गावातली माणसं माझ्याखालून जात नाहीत, आणि जावंच लागलं तर तोंड घट्ट मिटून जातात. भोंगा मध्येच हाक मारतो असं ती म्हणतात. त्यांचं काही खोटं नाही.

माझा जन्म नदीपलीकडचा, चीनमधला. तिथल्या एका कारखान्यात पत्रा ठोकून माझं तोंड गोल केलं, पोटात लोहचुंबक बसवलं आणि पाठीवर लाल रंगात ‘मैत्री’ असं लिहिलं. मग तांदळाची पोती, सायकली आणि मी, असे एकाच ट्रकमधून नदी ओलांडून व्हिएतनाममध्ये आलो. शेजाऱ्याला दिलेली भेट होतो आम्ही. लेक सासरी धाडावी तसं मला वाजतगाजत धाडलं होतं. तेव्हा चीन थोरला भाऊ आणि व्हिएतनाम धाकटा. दोन्हीकडचे पुढारी सांगायचे, आपण ओठ आणि दात आहोत, ओठ गेले तर दातांना थंडी वाजेल.

माझ्यातून बोलायचं काम लुआ नावाच्या नुंग मुलीला मिळालं. नुंग लोक नदीच्या दोन्ही काठांवर राहतात, बोली एक, सोयरीक एक. लुआची जीभ भारी तिखट. ओठ आणि दातांचं ते वाक्य पहिल्यांदा वाचून झालं तशी ती म्हणाली, “एवढे जवळ राहतात म्हणून तर ओठ चावला जातो.” ध्वनिक्षेपण केंद्राचे प्रमुख तुयेनदादा सखल मुलखातले, बारा महिने सर्दीने बेजार. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माईकचं बटण बंद असल्याची खात्री केली, आणि मगच हसले.

लुआची थोरली बहीण थेम पलीकडच्या काठावर दिली होती. रोज सकाळी ती कपडे घेऊन पाण्यावर यायची. लुआ गाणी लावायची, हवामान सांगायची आणि मध्येच म्हणायची, “पाओच्या आई, आज ऊन आहे, गोधड्या काढ.” पलीकडून धोपटण्याचे दोन ठोके यायचे, धप्, धप्. ते आले की मगच लुआ पुढची बातमी वाचायची. पलीकडच्याने प्रतिसाद दिल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, ही इथली रीत. मला हे कसं कळायचं म्हणता? अहो, माझ्या पोटात पातळ पडदा आहे. आतून आवाज आला की तो हलतो, बाहेरून आला तरी हलतो. मला बोलायला लावणारे पुष्कळ भेटले, पण मला ऐकूही येतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इथे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मिटवून ठेवतात. सगळे तिला मुलाच्या नावाने हाक मारतात, थेमला ‘पाओची आई’ म्हणायचे तशी. तिचं खरं नाव उच्चारायचं ते फक्त भरकटलेला जीव परत बोलवायला. म्हणून धुक्यात, पाण्यापलीकडून, कुणी तुम्हाला खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती हाक जिवंत माणसाची नसते. ती ‘फी’ची असते, म्हणजे मेलेल्यांची.

पुढे थोरल्या भावाचं आणि धाकट्याचं बिनसलं. धाकट्याने मॉस्कोचा हात धरला, आणि मॉस्को-बीजिंगचं तर विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यात कंबोडियाच्या भांडणाची भर पडली. ही कारणं माझ्याकडूनच वाचून घेतली, म्हणून ठाऊक आहेत; पटली किती ते विचारू नका. एका पहाटे डोंगर ओलांडून चिनी फौज आली. गाव जळलं. फौज गेली, पण तोफा राहिल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर जळलं ते सगळं ओलंच होतं.

माझं तोंड उत्तरेकडे, चीनकडे वळवलं. ज्यांनी मला घडवलं त्यांनाच मी शिव्या देऊ लागलो. पलीकडच्या टेकडीवरही एक भोंगा लागला होता. त्याच्या आवाजातली किंचित घरघर मला ओळखीची वाटली. एकाच साच्यातले होतो आम्ही दोघे. दिवसभर एकमेकांची आईबहीण काढायचो, आणि वारा पडला की दोघेही एकाच सुरात गुणगुणायचो.

आता माझ्यातून शहरात ध्वनिमुद्रित केलेले पुरुषांचे आवाज येत. लुआ फक्त फिती बदलायची. गाव जळल्यापासून तिचा आवाज पलीकडे गेलाच नव्हता. ती जगली की मेली हे थेमला कळायला वाटच उरली नव्हती. पण कपडे काही लढाईसाठी मळायचे थांबत नाहीत, तोफा शांत असल्या की धोपटणं ऐकू यायचं. ते ऐकून लुआ डोळे पुसायची. ताई आहे, एवढं तिला पुरायचं.

एक दिवस दुपारी धुकं इतकं दाट होतं की मला माझाच खांब दिसेना. तुयेनदादा नाक पुसत आत आले. उद्या उजाडताच आपल्या तोफा पलीकडच्या वीटभट्टीवर डागणार आहेत, तू आजच टेकडीमागे जा, असं त्यांनी लुआला सांगितलं. वीटभट्टीत दारूगोळा होता, आणि तिच्या कुंपणाला लागून थेमचं घर. तुयेनदादा बाहेर गेले. लुआने फीत थांबवली आणि माईक ओढून घेतला.

“पाओच्या आई” म्हणाली असती तर! पण तिला वाटलं, आईने ठेवलेल्या नावाने हाक मारली तर ताई आवाज नक्की ओळखेल, ही सरकारची नाही, लुआचीच हाक आहे हे तिला कळेल. जीव कासावीस झाला की माणसाला रीत आठवत नाही, बालपण आठवतं.

“थेम,” मी म्हणालो, तिच्या आवाजात. “थेमताई.”

पलीकडचं धोपटणं थांबलं. लुआ वाट पाहत राहिली. प्रतिसादाशिवाय पुढचं बोलायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं. तिने पुन्हा हाक मारली. धुकं ढिम्म. मग ती एकदम भानावर आली. “घर सोड” एवढं बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात माझी वीज गेली. तुयेनदादा परत आले होते, आणि त्यांचा हात बटणावर होता.

वर कळवलं असतं तर लुआ वाचली नसती. तुयेनदादांनी कळवलं नाही. “तार ओली झाली होती, आवाज तुटत होता, मी काही ऐकलं नाही,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा शहरातली फीत लावली. भला माणूस होता तो. त्याने लुआला वाचवलं आणि थेमला मारलं, आणि दोन्ही एकाच बटणाने.

उजाडताच तोफा धडाडल्या. त्यानंतर पलीकडून धोपटणं ऐकू आलं नाही.

वर्षं सरली. पुढाऱ्यांनी हस्तांदोलन केलं, रस्ता उघडला, सीमेवर नवे दगड बसले. पाठीवर थर्मासचं ओझं घेऊन एक तरुण व्यापारी गावात आला आणि लुआचं घर विचारू लागला. तो पाओ होता, थेमचा मुलगा. ती दोघं माझ्याखालीच बसली होती, म्हणून सगळं मी ऐकलं.

पाओ म्हणाला, “मावशी, त्या दिवशी आईने तुझा आवाज ओळखला होता.”

लुआने मान वर केली.

“ओळखला म्हणूनच घाबरली. म्हणाली, लुआ गेली रे, माझी लुआ मेली. फी होऊन मला न्यायला आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला आजीकडे डोंगरामागे ठेवलं आणि तुझ्या जिवाला शांती मिळावी म्हणून भट्टीखालच्या काठावर, पाण्यावर उदबत्ती लावायला गेली. परत आली नाही.”

म्हणजे मित्रांनो, तोफा सुरू झाल्या तेव्हा थेम काठावर बसून जिवंत बहिणीचे दिवस करत होती. लुआ रडली नाही. माझ्या खांबाला पाठ टेकून बसून राहिली. तिच्या पाठीचा थरकाप मला पार वरपर्यंत जाणवत होता.

गावातली मंत्र जाणणारी म्हातारी म्हणाली, जिच्या नावाने जिवंतपणी उदबत्ती लागली, तिचं एक पाऊल पलीकडेच असतं. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर गावातली कुत्री लुआवर भुंकेनाशी झाली. कुणी तिचं नाव घेईना. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिला नुसतंच ‘आत्या’ म्हणू लागले. आणि धुकं उतरलं की, तारा नसताना, माझ्या पोटातला पडदा आपोआप हलू लागला. “थेम” असं माझ्या तोंडून निघायचं. कोण वदवून घेतं, मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात नवा पूल झाला. दोन्ही देशांचे साहेब आले, कोट घालून. कोवळ्या पोरी फुलं घेऊन उभ्या, लिचीच्या रंगाचे झेंडे, नवे कोरे स्पीकर. आणि भाषणात पुन्हा तेच, ओठ आणि दात. पहिली निवेदिका म्हणून म्हाताऱ्या लुआला दोन शब्द बोलायला बोलावलं. पाओ तिला धरून घेऊन आला. ती माईकसमोर उभी राहिली आणि नदीवरून धुकं वर चढलं.

“पाओच्या आई,” ती म्हणाली, “मी जिवंत आहे गं. ती उदबत्ती विझव.”

नवे स्पीकर गप्प राहिले. शब्द माझ्यातून निघाले. साहेब वळून वळून माझ्या गंजक्या तोंडाकडे पाहू लागले.

मग पाण्यावरून आवाज आला. धप्, धप्.

आणि त्यामागून एक हाक, जुनी, ओढलेली. “लुआ…”

गावातल्या प्रत्येकाने तोंडावर हात ठेवला. साहेबांना वाटलं प्रतिध्वनी आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाओने तिचा दंड घट्ट धरला. “मावशी, ओ देऊ नकोस.”

लुआने त्याचा हात हळूच सोडवला. “तेव्हा तिने दिली नाही, बघ काय झालं,” ती म्हणाली. मग नदीकडे तोंड करून म्हणाली, “ओ, ताई.”

रात्री ती पोटभर जेवली, केस विंचरून झोपली. सकाळी उठली नाही.

आता मला उतरवून भंगारात घालायचं चाललं आहे. घाला बापडे, माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या भोंग्यांची नीट निगा राखा असंही मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो. शेजाऱ्याला रोज हाक मारत जा, फुटकळ कारणांसाठी, ऊन पडलं म्हणून, गोधड्या धुवायच्या म्हणून. तुमचा जिवंत आवाज त्याच्या कानात राहू द्या. वर्षानुवर्षं शिव्या देऊन एक दिवस प्रेमाने हाक मारलीत, तर त्याला ती भुताची वाटेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

चला, धुकं उतरतंय. पाण्यावर आता दोन धोपटणी वाजतात, एक संपलं की दुसरं. तुम्ही घरी जा, आणि माझ्याखालून जाताना आपापसात नावाने बोलू नका. आज माझ्या तोंडून कुणाचं नाव निघेल, ते मलाही ठाऊक नाही.