पडद्यामागून ऐकलेलं वर्ष

मी थिएटरचे बोर्ड रंगवतो. शिकलो कुठेच नाही, लोकांच्या भिंती खराब करत करत हात बसला. माझी खोली बरोब्बर पडद्याच्या मागे. अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून मालक मला हॉलमध्ये बसू देत नाहीत. त्यामुळे यंदाचा एकही पिक्चर मी पाहिला नाही. ऐकलेत मात्र सगळे. खरं सांगू? पिक्चरपेक्षा पब्लिकच जास्त ऐकलं.

वर्ष संपायला आलं तसं मालकांनी बोलावलं. टेबलावर छापील बॅनरचे नमुने पसरलेले. गुळगुळीत, चकचकीत.

"हे एका दिवसात छापून मिळतं," मालक म्हणाले. "तुला हिरोचं नाक काढायलाच दोन दिवस लागतात."

"पण येतं ना नाकासारखं?"

"गेल्या वेळी बटाटा आला होता."

तिकीट खिडकीत माझी सख्खी मावशी बसते. तिनंच मला इथं चिकटवलं. ती तिथूनच ओरडली, "अहो, पोराला एक संधी तरी द्या!"

"बरं बाई. शेवटचा बोर्ड." मालक माझ्याकडे वळले. "वर्षभरातले लोकांना आवडलेले पिक्चर. चार चौकोन कर. हसवणारा, रडवणारा, घाबरवणारा आणि प्रेमाचा. लोक थांबून बघायला लागले तर तू राहशील. नाहीतर छापखाना."

मी खोलीत आलो, डोळे मिटले आणि वर्ष आठवलं.

हसवणारा? सोपं. भुताचा. भूत आलं रे आलं की अख्खा हॉल खो खो. एक बाई तर दर वेळी ओरडायची, "अगं, आधी केस विंचर!"

घाबरवणारा? लग्नाचा पिक्चर. सासू दार उघडायची आणि हॉलमध्ये चिडीचूप. मग कुणीतरी हळूच, "मेली आता ही."

प्रेमाचा? विनोदी पिक्चर. त्यात कुणी हसलंच नाही, मागच्या रांगांत नुसती जोड्यांची कुजबुज.

आणि रडवणारा मारामारीचा. शेवटी हिरो म्हाताऱ्या बापाला म्हणतो, "बाबा, हात धरा माझा, जेवायला बसा." तिथं ढिशूम थांबायचं आणि मुसमुस सुरू.

बोर्ड लागला. मालकांनी वर पाहिलं आणि डोक्यालाच हात लावला.

"अरे गाढवा! भूत हसण्यात? सासू घाबरण्यात? पिक्चरच्या कंपनीवाले मला फाडून खातील! उतरव!"

मी मुकाट्यानं शिडीवर चढलो. पहिला खिळा उपटणार, तेवढ्यात खालून एक काका म्हणाले, "राहू दे की! बरोबर आहे. भुतानं मला जितकं हसवलं तितकं माझ्या साडूनंही नाही."

"आणि सासू तिथंच हवी," एक बाई म्हणाली.

तिचा नवरा कुजबुजला, "हळू बोल, आई मागेच आहे."

बघता बघता फुटपाथ भरला. दोघं चौकोनांवरून तावातावानं भांडायला लागले. मावशी खिडकीतून ओरडली, "अहो, भुताचा परत लावणार का विचारतायत!"

पण मालक अडून बसले. "ते सगळं ठीक. मारामारीत कोण रडलं? एक माणूस दाखव!"

"दाखवणार कसा? मी पाहिलंय कुठं?" मी शिडीवरूनच म्हणालो. "पण सकाळच्या खेळाला मागच्या रांगेत एक गृहस्थ रोज यायचे. बाप ताटावर बसला की नाक शिंकरायचे. बंद पडलेला ट्रक सुरू करावा तसं. आधी घर्र, परत घर्र, आणि मग एकदम भोंगा."

मालक वर त्या चौकोनाकडे बघत राहिले. म्हाताऱ्या बापाकडे, त्याला धरलेल्या हाताकडे.

"नाक बरं काढलंयस या वेळी," ते पुटपुटले. मग खिशातून रुमाल काढला.

घर्र. घर्र. भोंगा.

मी शिडीवरून पडता पडता वाचलो. मावशीनं खिडकीत तोंडाला पदर लावला.

"काय बघतोस? उतर खाली," मालक खेकसले. "शुक्रवारचा बोर्ड कोण रंगवणार, तुझा बाप?"

"आणि ते छापील नमुने?" मावशीनं विचारलं.

"परत पाठवा," मालक रुमाल घडी करत म्हणाले. "वास येतो त्यांना."