गर्दी नसलेला समुद्र

मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून नुसतं "मंगळवार पेठ" अशी हाक मारली, तर निम्मी माणसं मागं वळून बघतील. मी चेष्टा करत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तारकर्लीला गेलो, तर शेजारच्या खोलीत आमचाच दूधवाला उतरला होता. दात घासता घासता त्यानं मला विचारलं की वहिनी, परत आल्यावर अर्धा लिटर वाढवायचं काय. बाहेर सगळ्या गाड्या एमएच नऊच्या. पाण्यात कोल्हापूर, वाळूत कोल्हापूर आणि सोलकढी पिऊन ‘तिखट न्हाई’ म्हणून तोंड वाकडं करणारंही कोल्हापूरच.

मला मात्र एक दिवस ओळखीच्या नजरेपासून लांब जायचं होतं, कारण मला समुद्रात पोहायचं होतं. माझं माहेर राधानगरीकडचं. लहानपणी भावानं तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून मला विहिरीत ढकललं होतं, आणि त्याच सुट्टीत मी डबा सोडून पोहायला लागले. पुढं नदीत मी पोरांना मागं टाकायची. मग लग्न झालं, मी मंगळवार पेठेत आले आणि पोहणं माहेरीच राहिलं.

सुनेनं पाण्यात उतरायचं नाही, असा नियम आमच्या घरात कुणी केलेला नाही. तशी वेळच आली नाही. प्रत्येक सहलीला आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई बायडाबाई, सोबत असायच्या. शिवाय दीर, जावा, भावकी. गाडीतनं उतरलं की सगळ्यांच्या चपला, मोबाईल आणि चहाचा थर्मास माझ्याभोवती मांडून मंडळी पाण्याकडं पळायची. आत्ती माझ्या शेजारी बसून त्यातली कुठली चप्पल कुणाची हे सांगायच्या. इतक्या वर्षांत समुद्र माझ्या घोट्याच्या वर आला नाही. लाटा बघून हात शिवशिवायचे आणि फार राग यायचा, पण मी मुकाट्यानं थर्मासचं झाकण घट्ट करायची.

यंदा मी नवऱ्याला सांगून टाकलं, की ओळखीचं एकही माणूस दिसणार नाही असा किनारा शोधा, नाहीतर मी येत नाही. का, ते सांगितलं नाही. आमचे हे, म्हणजे सयाजीराव, शाहूपुरीत पाण्याच्या मोटारी विकतात. निम्म्या जिल्ह्याचं पाणी उपसायची सोय करतात, पण स्वतः बादलीपलीकडच्या पाण्यात उतरत नाहीत.

ह्यांना माझं म्हणणं पटलं. इतकं पटलं, की शांत जागा कोणती यावर विचार करायला ह्यांनी रस्सा मंडळ बोलावलं. रस्सा मंडळ म्हणजे कुणाच्या तरी मळ्यात जमायचं, मटण शिजवायचं आणि ते शिजेपर्यंत जगाचे प्रश्न मिटवायचे. शांततेवर तिथं एवढा आरडाओरडा झाला म्हणे, की बांधावरचा कुत्रा उठून दुसऱ्या मळ्यात गेला. एकाला गर्दी नको होती, पण तिथं मटणाची खानावळ पाहिजे होती. दुसऱ्याला निर्जन किनारा चालणार होता, फक्त गाडी वाळूपर्यंत गेली पाहिजे आणि मॅच बघायला रेंज पाहिजे. हे हात हलवत परत आले.

शेवटी जागा मीच शोधली. मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचता वाचता एका गावाला कुणीतरी एकच तारा दिलेला दिसला. खाली लिहिलं होतं, ‘इथं काहीच नाही. कुणीही येऊ नये.’ मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन लावला. गावाचं नाव सांगणार नाही, सांगितलं की तुम्हीही याल. तिथल्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं देणारे तांडेल म्हणाले, की कोल्हापूरचं एक कुटुंब मागं आलं होतं, पण मटण मिळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी निघून गेलं. मी म्हटलं, हीच जागा.

आत्ती लेकीकडं जायच्या ठरल्या. आमचा राजवीर मामाकडं जाणार होता. सगळं जुळून आलं होतं आणि मी मनातल्या मनात रोज थोडी पोहतही होते. पण मटण मिळत नाही, हे वाक्य ह्यांच्या काळजात रुतलं होतं. चार दिवस नुसत्या माशावर काढायचे म्हणजे ह्यांच्या मते उपासच.

म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी हे चमनभाईंच्या दुकानात गेले. चमनभाई आमच्या पेठेतले खाटीक, आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात सगळी पेठ रांगेत असते. ह्यांनी विचारलं, की मटण घाटाखाली दोन दिवस टिकवायचं तर काय करावं. चमनभाईंनी साहजिकच विचारलं, घाटाखाली कुठं. मग ह्यांनी गावाचं नाव सांगितलं, फाटा सांगितला, फाट्यावरचं वडाचं झाड सांगितलं आणि वर सगळ्या रांगेला बजावलं, "कुणाला सांगू नगासा, लई शांत जागा हाय."

इथवरही निभावलं असतं. पण चांगली जागा सांगायची आणि वर एकटंच जायचं, ही आमच्याकडं माणुसकी धरत नाहीत. म्हणून हे निघताना म्हणाले, "या की समदी." दुसऱ्या गावांत हे शब्द नुसते बोलायचे असतात. कोल्हापुरात ते ऐकल्यावर माणूस गाडीची हवा तपासायला जातो. मी घरी हे ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. हे म्हणाले, कुणी येत नाही, उगीच घाबरतीस.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. किनाऱ्यावर दोन होड्या आणि एक म्हातारं मांजर, बाकी कुणी नाही. मी तसंच पाण्यात शिरणार होते, पण तांडेल म्हणाले, आता ओहोटीची ओढ आहे, सकाळी भरतीला खडकाच्या डावीकडं उतरा, तिथं पाणी शांत असतं. त्या दिवसाइतकी सकाळची वाट मी लग्नाच्या आदल्या दिवशीही बघितली नव्हती.

सकाळी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून मी वाळूत आले. मागनं हे आले. आणि ह्यांच्या मागनं हॉर्न आला.

वडाच्या फाट्यावरनं गाड्यांची ओळ उतरत होती. पहिल्या टेम्पोतनं मोठं पातेलं उतरलं, मग शेगडी, मग चमनभाई, मग त्यांची सून सबिना, मग रस्सा मंडळ. दूधवालाही होता. शेवटच्या गाडीच्या पुढच्या सीटवरनं आत्ती उतरल्या. लेकीकडं करमेना, म्हणाल्या, आणि सगळी पेठच निघाली म्हणल्यावर आपण मागं राहणं बरं दिसतं का. बघता बघता चटया पडल्या, स्पीकर लागला आणि वाळूत एकजण मोबाईल उंच धरून रेंज शोधायला लागला. माझ्यासमोर चपलांचा ढीग झाला. कांद्याची पिशवी आणि विळी आली. आत्ती म्हणाल्या, "वर्षे, तेवढं कांदं चिरून घे."

मी बसले. डोळ्यांत पाणी आलं, आणि एकही कांदा अजून कापलेला नव्हता.

हे जवळ आले. ह्यांनाही थोडं चुकल्यासारखं वाटत असावं. हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी अजून लांब जाऊ." तेव्हा मला लख्ख कळलं, की पृथ्वीवर असा किनारा नाही. अंदमानला गेलो तरी हे विमानतळावर कुणालातरी सांगणार. मी विळी ह्यांच्याकडं सरकवली, उठले आणि खडकाच्या डावीकडनं पाण्यात शिरले.

गुडघ्यापर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. कमरेपर्यंत आल्यावर स्पीकर बंद झाला. मग मी स्वतःला झोकून दिलं. खारट पाणी नाकात गेलं, ड्रेस जड झाला, आणि पाचसहा हात मारल्यावर अंगाला सगळं आठवलं. मला हसू फुटलं. मी खरंच फार सुखात होते.

मागं आरडाओरडा चालला होता. हे पँट वर करून पोटरीभर पाण्यात उभे होते आणि बुडाली बुडाली म्हणून ओरडत होते. मी वळून हात केला. मी बुडत नसून पोहतेय हे पेठेच्या ध्यानात आलं तसं ह्यांनी छाती पुढं काढली आणि मंडळींना सांगितलं, "मीच शिकवलंय तिला."

आत्तींचा आवाज मला तिथवर ऐकू आला. "तू? रंकाळ्याची पायरी उतरताना माझा पदर धरतोस की रं. कांदं चीर जा."

मी आणखी थोडी आत गेले आणि पाठीवर पडून राहिले. किनाऱ्यावर सगळी पेठ उभी होती, पण गळ्याइतक्या पाण्याच्या पुढं कोल्हापूरचं एकही माणूस नव्हतं. गर्दी नसलेली जागा एवढ्या जवळ होती आणि मी ती मोबाईलवर शोधत बसले होते.

बाहेर आले तेव्हा सबिनानं टॉवेल दिला आणि डोळे मोठे करून बघत राहिली. रस्सा मंडळ विळीभोवती बसून आसवं गाळत होतं. आत्ती एकट्याच पाण्याच्या काठाशी उभ्या होत्या. आता बोलणी बसणार, या तयारीनं मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. समुद्राकडं बघत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"आत कसं वाटतं गं?"

मला एवढंच सुचलं. म्हटलं, "आत कुणी हाक मारत न्हाई, आत्ती."

एक लाट आली, त्यांचं लुगडं भिजलं, आणि त्या मागं सरकल्या नाहीत. त्यांनी माझा दंड धरला आणि एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात मागनं ह्यांनी मोठ्यानं विचारलं, की मीठ कुठं ठेवलंय. आम्हा दोघींनाही नीट ऐकू आलं होतं. आम्ही दुसरं पाऊल टाकलं.