खाणीकडे वळलेला बाण

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. कुणाला दयामाया नसली की तुम्ही त्याला दगडाच्या काळजाचा म्हणता. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने एखाद्या दगडाला विचारलेलं दिसत नाही. माझं काळीज जन्मापासून धडधडतंच आहे.

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर चढू लागतो, तिथे झाडीत एक खाण होती. तिच्या कड्यात मी होतो. तेव्हा मी वेगळा असा नव्हतोच, सगळा कडा मिळून आम्ही एक होतो. मग एके दिवशी सुरुंग लागला. धूर विरला तेव्हा मी कलिंगडाएवढा उरलो होतो आणि एकटा होतो. मला ट्रकमध्ये भरलं, पण ओढा ओलांडताना ट्रकला हिसका बसला आणि मी खाली गडगडलो. बाकीचे पुढे जाऊन कुणाकुणाच्या इमारतींच्या पायात बसले. मी राहिलो ओढ्याकाठी, पायवाटेला दोन फाटे फुटतात तिथे. उजवा फाटा सागांमधून चढत आदिवासी पाड्यावर जातो. डावा जातो खाणीकडे.

काही वर्षांनी खाण बंद पडली. माणसं गेली, यंत्रं गेली, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. त्यावर हिरवा थर धरला, इतका दाट की लांबून कुरणच वाटावं. पाड्यावरची एक शेळी त्या कुरणात चरायला उतरली. तिची मालकीण दिवसभर काठावर बसून रडत होती, ते मी ऐकलं. तो खड्डा किती खोल आहे हे मला कुणी सांगायला नको, मी तिथूनच आलेलो आहे.

ही गोष्ट दशरथभाऊंच्या कानावर गेली. दशरथभाऊ कांजूरमार्गचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील फलक आले आणि पाट्यांचं काम आटलं, पण घरात रंगाचे डबे उरले होते. दर रविवारी ते या जंगलात फिरायला यायचे. शेळीचं ऐकल्यावर पुढच्या रविवारी ते डबे घेऊनच आले. वाटेवरचे बारा दगड निवडून त्यांनी प्रत्येकाच्या सपाट अंगावर पांढरा रंग दिला आणि त्यावर लाल बाण काढला. मी पाचवा. माझा बाण उजवीकडे, पाड्याच्या वाटेकडे. पाटीवाल्याचा हात तो, बाणाच्या टोकाला त्यांनी चक्क सावलीसुद्धा दिली!

मित्रांनो, तेव्हापासून मला मान मिळू लागला. येणारे जाणारे माझ्यापाशी थबकत, बाण बघत आणि उजवीकडे वळत. कुणी शेजारी बसून फोटो काढी. पंधरा वर्षं एकही माणूस माझ्यामुळे चुकला नाही, आणि मला चक्क जरा धीटपणा येऊ लागला. तेवढ्यात दशरथभाऊंचे गुडघे बिघडले. दोन पावसाळे ते आले नाहीत. रान माजलं, माझ्यावर चिखल चढला, आणि या फाट्याची खूण म्हणून उभं असलेलं सावरीचं मोठं झाड वादळात आडवं झालं.

आता खरी भीतीची गोष्ट सांगतो.

गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस, एका बुधवारी, सुबोध आणि श्रुतिका नावाचं तरुण जोडपं सहलीला आलं. त्यांना जंगलात खिचडी करून खायची होती. चुलीला तीन दगड लागतात, त्यांतला एक मी झालो. सुबोधने मला उचलून वीस पावलं लांब नेलं, पोटाशी जाळ केला, डोक्यावर पातेलं ठेवलं. धुराने माझी एक कूस काळी झाली.

"खिचडी झकास झालीय यार!" सुबोध म्हणाला.

श्रुतिका मोठी शिस्तीची. तिने निखाऱ्यांवर दोन बाटल्या पाणी ओतलं, कचरा पिशवीत भरला आणि म्हणाली, "ए, तो बाणवाला दगड असाच टाकू नकोस हां. जिथून आणलास तिथेच ठेव."

"ठेवतो गं. बाण वर यायला पाहिजे ना?"

"मग काय! लोकांना दिसायला नको?"

सुबोधने मला माझ्याच खळग्यात ठेवलं, बाण वर करून. हात झटकले आणि ते दोघं समाधानाने निघून गेले. ती माणसं वाईट नव्हती. पण माझा बाण आता डावीकडे होता, खाणीकडे.

ओरडावं म्हटलं तर तोंड नाही. वळावं म्हटलं तर अंग हलत नाही. गुरुवारी कुणी आलं नाही. शुक्रवारी पाड्यावरच्या दोन बाया लाकडं घेऊन गेल्या, पण वाट त्यांच्या पायांना पाठ, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शनिवारी पानं वाजली की मी दचकत होतो. पंधरा वर्षं जे माझ्यावर विसंबत आले, तेच आता माझ्यामुळे बुडणार, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

रविवारी सकाळी पावलं वाजली. काठी टेकत कुणीतरी येत होतं. मी ओळखलं, ते दशरथभाऊ होते! आणि त्यांच्या मागे पदर खोचून त्यांच्या पत्नी, विमलाताई. त्या या रानात पहिल्यांदाच येत होत्या. नवरा इतकी वर्षं रविवारचा कुठे जातो, ते त्यांना बघायचं होतं.

मला आधी हायसं वाटलं. ज्याने बाण काढला त्याला तो उलटा झालेला कळणारच, नाही का? पण सावर नव्हती. दोन्ही फाटे गवताने सारखेच झाकलेले. दशरथभाऊंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जरा घुटमळले. मग मी दिसलो आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ गो, हो माझो बाण! असो वाट दाखवता. चल."

आणि ते डावीकडे वळले.

"इतको मळलेलो?" विमलाताई म्हणाल्या. "तुम्ही चला फुडे, मी ह्येका पुसून येतंय."

नवऱ्याच्या हातचं काम घाण राहावं, हे काही त्यांना बघवेना. त्या खाली बसल्या, शेजारची एक दगडाची कपची उचलून जाड चिखल खरवडला आणि पदराच्या टोकाने मला पुसू लागल्या. तिकडे भाऊंची काठी टक टक करत दूर जात होती. ती टकटक मी मोजत होतो. खाण तिथून साठ पावलांवर आहे.

चिखल निघाला, पांढरा रंग दिसला. मग विमलाताईंचा हात माझ्या कुशीवर गेला आणि पदर काळा झाला. त्यांनी बोट फिरवून बघितलं, वास घेतला. गावाकडे निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलेली बाई ती.

"अवो, थांबा! हो चुलीचो दगड आसा!"

"काय ता?"

"कोणीतरी उचलून चूल मांडल्यानी! परत ठेवल्यानी तो बरोबर ठेवल्यानी कशावरून?"

"अगो, पंधरा वर्षा झाली, माझो बाण चुकूचो नाय!" भाऊ वळलेही नाहीत. खाणीचं त्यांनी फक्त ऐकलं होतं, या बाजूला ते कधी आलेच नव्हते; समोर हिरवंगार कुरण दिसत होतं, ते त्यांना आवडलं असावं. ते भराभर चालू लागले.

विमलाताई धावल्या, पण साडी झुडपात अडकली. मग काय सुचलं कोण जाणे, हातात राहिलेली ती कपची त्यांनी भाऊंच्या डोक्यावरून जोरात भिरकावली.

कपची कुरणात पडली आणि डुबुक असा आवाज झाला.

हिरवा थर फाटला. खाली काळं पाणी दिसलं. मग तो थर हळूहळू पुन्हा जुळला आणि कुरण होतं तसं झालं. दशरथभाऊंची काठी काठाच्या दोन हात अलीकडे टेकलेली होती.

विमलाताईंनी जाऊन त्यांचा दंड धरला.

"पाय हलत नाय गो माझे," भाऊ म्हणाले.

"बसा. आधी बसा."

परत आल्यावर भाऊ माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला लाथ घालून ओढ्यात लोटणार. पण त्यांनी वाकून, कण्हत, मला फिरवलं आणि माझ्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही, मित्रांनो. आम्ही दोघंही सारखेच भ्यालो होतो.

पुढच्या रविवारी दोघं पहार घेऊन आले आणि मला कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. आता मला कुणी उचलू शकत नाही. भाऊंच्या गुडघ्यांना एका रविवारी एकच दगड झेपतो. मग पुढचे दगड झाले, ओढ्याच्या उतारावरचे झाले, बारांपैकी सात झाले. पाच अजून मोकळे आहेत. त्यांतले दोन कड्यापाशी आहेत, आणि त्यांच्या काळजीने मला आजही चैन पडत नाही.

म्हणून, मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. रानात रंग लावलेला दगड दिसला, तर तो कुणीतरी जीव लावून तिथे ठेवला आहे असं समजा. त्याला उचलू नका, हलवू नका, मागाहून नीट ठेवू म्हणूनही नको. भूक लागली तर घरून डबा आणा. पाच दगड उरले आहेत, म्हणजे पाच रविवार. भाऊंचे गुडघे बरे राहिले तर.