हेस्टरचं सेहेचाळिसावं चित्र

खोकी सात. त्यांत व्यंगचित्रांचे छाप तीनशे बारा, हाताने काढलेली चित्रं सेहेचाळीस, चित्र निखळून गेलेली पुठ्ठ्याची रिकामी चौकट एक, आणि पाचव्या खोक्याच्या तळाशी एक मेलेला पतंग, पंख शाबूत. पतंगाची नोंद करायची की नाही, हे इमोजेन प्रिडीला ठरवता येईना. शेवटी तिने तो कागदाच्या पुडीत ठेवला आणि पुडीवर खोक्याचा क्रमांक घातला.

ऑर्लबरीच्या ग्रंथालयाने तिला वर्षभरासाठी घेतलं होतं. पदवी भौतिकशास्त्रातली, पण जागा निघाली ती इथे, आणि काम तिला आवडलं. एकेक कागद उचलायचा, मोजायचा, उजेडासमोर धरून त्याची वीण बघायची, रंग कुठे उडालाय ते लिहायचं. छापांत अठराव्या शतकातली सगळी थट्टा भरलेली होती. पोट सुटलेले मंत्री, विगात घर केलेले उंदीर, केसांचा एवढा डोंगर रचलेल्या बायका की डोलीचं छप्पर काढून त्यांना आत बसवावं लागे. कुणाची थट्टा चाललीय हे बऱ्याचदा कळत नसे. हसू मात्र यायचं.

सेहेचाळीस चित्रं मात्र एकाच हातची होती. हेस्टर मॉन्सेल, इथल्याच पाद्र्याची मुलगी. त्या काळी दुकानदार व्यंगचित्रांच्या मोठाल्या चोपड्या एका संध्याकाळपुरत्या भाड्याने देत. पाहुणे जेवून उठले की चोपडी मधे ठेवून सगळे खिदळायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती परत जायची. परत जाण्याआधी, सकाळच्या उजेडात, घरातल्या मुली छाप खिडकीच्या काचेवर धरून त्यावर कागद ठेवून गिरवून घ्यायच्या. हेस्टरची पंचेचाळीस चित्रं अशीच गिरवलेली होती. प्रत्येकाचा जुना छाप सापडला होता.

भांडण होतं ते सेहेचाळिसाव्यावर.

चित्रात बाजारातला मोठा तराजू. एका पारड्यात पाद्री, दुसऱ्यात दशांशाची डुकरीण. गावाच्या पिकातला, अंड्यांतला, पिल्लांतला दहावा हिस्सा पाद्र्याचा, तेव्हा गावकऱ्यांनी ठरवलेलं दिसतं की त्याच्या वजनाइतकंच द्यायचं. आणि पाद्री गुपचूप खिशांत अंडी कोंबून वजन वाढवतोय. मागे खिडकीत एक लुकडी मुलगी, तोंडावर हात दाबून. याचा छापही होता, लंडनच्या दुकानाचं नाव घातलेला. चित्र काढणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं.

"ती खिडकीतली हेस्टर आहे," मिसेस ट्रँटर म्हणायच्या. "बापाचं चित्र काढलं, लंडनला पाठवून दिलं, त्यांनी छापलं. नाव कसं घालणार? जेवायला बापासमोरच बसायचं होतं ना तिला!"

डोरीन ट्रँटर एक्क्याऐंशीच्या. जन्मभर गावच्या शाळेत चित्रकला शिकवली, आणि आता दर मंगळवारी नि गुरुवारी ग्रंथालयात येऊन जुन्या पुस्तकांवरची धूळ झटकायच्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी चर्चच्या मासिकात हे सगळं लिहिलं होतं. ते वाचून लंडनहून एक तज्ज्ञ आले. चित्र बघितलं, छाप बघितला आणि ओव्हरकोटसुद्धा न काढता म्हणाले, "दोन्हींत पाद्री डावीकडेच आहे. मूळ चित्र असतं तर छापताना उलटं झालं असतं. पोरीने छापावरून नक्कल केलीय." ते निघून गेले, बोलणं मात्र गावात राहिलं. खाटकाच्या दुकानात अजूनही कुणी म्हातारा विचारायचा, "काय मिसेस ट्रँटर, हेस्टरने आज काय चितारलं?" त्या हसून म्हणायच्या, "तुझं तोंड, विल्फ्रेड. कागद पुरला नाही." मग मटणाचं पुडकं घेऊन सरळ घरी.

आता या सगळ्या संग्रहाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि ते झालं की मिसेस ट्रँटर मुलाकडे अ‍ॅबरडीनला कायमच्या राहायला जाणार होत्या. घर विकलं गेलं होतं. चित्राखाली कोणती पाटी लागते, एवढंच त्यांना जाण्याआधी बघायचं होतं.

आणि पाटी लिहायची होती इमोजेनने.

लिहून झालीही होती. तज्ज्ञाचं उजव्या-डाव्याचं म्हणणं तिला पटलं नव्हतं. तेल लावलेल्या पारदर्शक कागदावर चित्र उतरवून तो कागद कोरायच्या तांब्याच्या पत्र्यावर पालथा घातला, तर छाप मूळ चित्रासारखाच येतो. चांगले कोरणारे तसं करतही. पण पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस नकला असताना सेहेचाळिसावं मूळ निघण्याची शक्यता किती? शिवाय तिने पाद्र्याची उंची दोन्हीकडे मोजली होती. चित्रातला पाद्री छापातल्यापेक्षा तीन मिलिमीटर उंच होता. म्हणून तिने लिहिलं: 'छापावरून केलेली नक्कल. मुळापेक्षा किंचित मोठी, हात सैल.'

ग्रंथपाल जाइल्स पेनिफोल्डने पाटी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "बरोबर आहे. पण 'हात सैल' तेवढं काढ गं. त्या बाईंनी मला शाळेत रेघ मारायला शिकवलंय."

"कुणाचा हात सैल?" धूळ झटकायचा ब्रश हातात घेऊन मिसेस ट्रँटर दारातच उभ्या होत्या.

जाइल्सने पाटी मागे लपवली, शाळेतल्या पोराने चिठ्ठी लपवावी तशी.

"दे इकडे, जाइल्स. वर्गातही तुला लपवता यायचं नाही." त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्चीवर बसल्या. "नक्कल असेल तर असू दे, पोरी. मी काही तिच्या बारशाला नव्हते. पण हेस्टरचा हात सैल नाही. बाकीची पंचेचाळीस बघ. केसाचा फरक नाही कुठे. आणि हे एकच चित्र काढताना तिची बोटं का गं लोळली?"

"मी फक्त एकच अंतर मोजलं होतं," इमोजेन म्हणाली.

"मग भौतिकशास्त्र कसलं शिकलीस? एका मापावर मी पडदासुद्धा शिवत नाही."

"पाट्या गुरुवारी छापायला जातात," जाइल्स हळूच म्हणाला. "तोवर दोघींनी काय तो निकाल लावा. मी चहा टाकतो."

दुसऱ्या दिवशी तळघरात निमंत्रणं छापायची होती. ग्रंथालयाची ही जुनी रीत. प्रदर्शन कुठलंही असो, निमंत्रण छापखान्यातून येत नाही. स्थापनेच्या वेळचा तांब्याचा एक पत्रा आहे, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारं घुबड कोरलेला, त्यावरूनच हातयंत्रावर छापायचं. आदल्या दिवशी कागद भिजवून घडीत ठेवतात, कारण ओला कागदच मऊ होऊन कोरलेल्या रेघांत शिरतो आणि शाई उचलतो. मिसेस ट्रँटर पत्र्याला शाई लावून फडक्याने पुसायच्या, जाइल्स चाक फिरवायचा, आणि इमोजेनने ओले छाप टिपकागदांत ठेवून वर फळी दाबायची.

"जोर लाव, जाइल्स. घुबडाला दिसेनासं झालंय."

"चष्मा आहे ना त्याला."

"तुलाही आहे. काय उपयोग?"

साठ निमंत्रणं झाली. पत्रा पुसून, तेलाचा हात देऊन ठेवायची वेळ आली. तो ठेवायचीही रीत ठरलेली: मागच्या खेपेचा एखादा बिघडलेला छाप वर घालायचा, त्यावर फडकं गुंडाळायचं. यंत्रातून गेला की पत्र्याच्या कडा कागदात दबून चौकोनी खळगा पडतो, म्हणून छाप पत्र्यावर टोपणासारखा बसेल असं इमोजेनला वाटलं. तिने डावा कोपरा जुळवला. उजवा जुळेना. उजवा जुळवला, तर डावा सुटला. पत्रा आपल्याच खळग्यात मावत नव्हता.

"हा दुसऱ्या पत्र्याचा छाप आहे का?"

"घुबडं दोन नाहीत आमच्याकडे," जाइल्स म्हणाला.

"मग हा लहान का?"

"आटला असेल," मिसेस ट्रँटर हात धूत म्हणाल्या. "ओला होता तेव्हा फुगला, वाळला तसा आटला. माझ्या नवऱ्याचा लोकरी स्वेटर मी एकदा गरम पाण्यात टाकला, तर नातवाला झाला. ते नळाखालचं फडकं दे."

इमोजेनने फडकं दिलं नाही. ती पत्रा आणि छाप दोन्ही घेऊन जिना चढून वर गेली.

काचेच्या मोजपट्टीवर भिंग धरून तिने मापं घेतली. पत्रा उभा एकशे वीस मिलिमीटर, छाप एकशे अठरा पूर्णांक एक. आडवा पत्रा ऐंशी, छाप एकोणऐंशी पूर्णांक एक. म्हणजे कागद उभा आटला होता दीड टक्क्याच्या किंचित वर, आडवा एक टक्क्याच्या जरा वर. दोन्हीकडे सारखा नाही, कारण कागदाच्या विणीला दिशा असते. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. सेहेचाळिसाव्या चित्राच्या मापाशी ते जोडून बघायचं मात्र सुचलं नव्हतं.

ती खाली आली तेव्हा दोघं तळघरातच बसली होती. जाइल्सने बिस्किटांचा डबा उघडला होता. वर चित्रांजवळ तो उघडायची बंदी त्यानेच घातली होती.

"ऐका," इमोजेन उभ्या उभ्याच म्हणाली. "हेस्टरने छाप गिरवला असेल, तर तिचं चित्र छापाएवढंच असणार. काचेवर धरून गिरवलेलं, मोठं कसं होईल? पण कोरणाऱ्याने तिचं चित्र पत्र्यावर उतरवलं असेल, तर पत्रा चित्राएवढा. आणि छाप वाळून आटलेला. म्हणजे चित्र छापापेक्षा मोठं यायला हवं. उभं जास्त, आडवं कमी."

जाइल्सने बिस्किट खाली ठेवलं. "पण ते मोठं आहेच. तूच लिहिलंयस. तीन मिलिमीटर."

"एक अंतर. तेही उभंच. हात सैल असला तरी एक अंतर मोठं येऊ शकतं. सगळीकडे ठरावीक प्रमाणात नाही येणार."

मिसेस ट्रँटर कपातल्या चमच्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि छापाएवढंच आलं तर?"

"तर पाटी आहे तशीच राहील. 'हात सैल' काढून."

"बरं." त्या उठल्या, कोट घातला, बटणं लावली, तीही एकाआड एक चुकलेली. "मी उद्या येते. मला फोनवर सांगू नकोस. आणि माझ्यासाठी म्हणून मोजू नकोस, पोरी. हेस्टरला माझी दया नको असेल. बापालाच तराजूत बसवणारी बाई ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी इमोजेनने आधी दुसरीच पाच चित्रं काढली, नक्कल असल्याबद्दल कुणाची शंका नव्हती ती. प्रत्येकात बारा अंतरं मोजायची: टोपीच्या टोकापासून टाचेपर्यंत, खिडकीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, असे पक्के बिंदू घेऊन सहा उभी, सहा आडवी. पाचही चित्रं आपापल्या छापांशी जुळली. कुठे कागदाच्या धाग्याएवढा फरक, कधी इकडे, कधी तिकडे. मिसेस ट्रँटरचं बरोबर होतं. हात सैल नव्हता. मोजपट्टीही बरोबर होती. एवढं झाल्याशिवाय सेहेचाळिसाव्याला हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

मिसेस ट्रँटर आल्या तेव्हा पाद्री आणि डुकरीण टेबलावर मांडून ठेवलेली होती, शेजारी छाप. त्यांनी धुळीचा ब्रश कपाटावर ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. जाइल्स समोर पेन्सिल घेऊन बसला. इथे शाईची परवानगी कुणालाच नव्हती.

"मी आकडे वाचते, तुम्ही लिहा," इमोजेन म्हणाली. "मी वजाबाकी करणार नाही. नाहीतर मोजताना डोळा हवं तेच बघतो."

"म्हणजे वजाबाकी मी करायची?" जाइल्स म्हणाला.

"तुझी वजाबाकी मला ठाऊक आहे," मिसेस ट्रँटर खिडकीजवळूनच म्हणाल्या. "दोनदा कर."

इमोजेनने भिंग डोळ्याला लावलं. पारड्याची दोरी, पारड्याचा काठ. पाद्र्याची टोपी, पाद्र्याची टाच. डुकरिणीचा कान, शेपटीचा पिळा. खिडकीतल्या मुलीची हनुवटी, कपाळावर आलेली बट. आधी चित्रात, मग छापात. ती हळू आवाजात आकडा सांगायची, पेन्सिल करकरायची, आणि बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाची फळी लावत असल्याचा आवाज यायचा. मिसेस ट्रँटर तिकडे बघत होत्या. मांडीवर त्यांचे हात एकमेकांत घट्ट गुंतलेले होते.

बाराव्या जोडीनंतर इमोजेनने भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले. जाइल्सने वजाबाकी केली. मग पान उलटून, पहिली न बघता, पुन्हा केली. दोन्ही पानं शेजारी ठेवली, बोट फिरवून ताडली आणि घसा साफ केला.

"वाच," मिसेस ट्रँटर म्हणाल्या. मान मात्र वळवली नाही.

"बारा जोड्या," जाइल्सने वाचलं. "बाराही ठिकाणी चित्र मोठं. उभी सहा अंतरं, सरासरी फरक एक पूर्णांक सात दशांश टक्के. आडवी सहा, एक पूर्णांक एक दशांश टक्के. घुबडासारखंच, उभं जास्त, आडवं कमी; म्हणजे छापच हेस्टरच्या चित्रावरून निघालाय."