भिंत थोरल्याची, छप्पर धाकट्याचं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पट्टी आहे. माझा पत्ता जरा भानगडीचा आहे. थोरल्या भावाच्या घराची भिंत आणि तिला टेकलेलं धाकट्याच्या स्वयंपाकघराचं छप्पर, या दोहोंच्या सांध्यावर मी राहते.

एका पत्रेवाल्याने मला कापलं, मधोमध वाकवलं, भिंतीत खाच पाडून माझी वरची कड आत खोचली आणि खालची छपरावर मोकळी सोडली. "पाणी हिच्या अंगावरून घरंगळून जाईल. हिला खालून जखडू नका," असं बजावून तो गेला. पुढे कित्येक पावसाळे मी इमानेइतबारे काढले. शाबासकी कोणी दिली नाही. पण घर कोरडं होतं, याचाच मला अभिमान.

मग एका वर्षी खाचेतला गिलावा निखळला आणि माझी वरची कड सुटली. धाकट्याच्या शेगडीवर पाणी टपकू लागलं. थोरल्याच्या उशाशी ओल आली.

"दादा, भिंत तुझी. तू बघ."

"गळतंय ते छप्पर. ते तुझं!"

झालं! दोघांचं बोलणं बंद. धाकट्याने गुपचूप माझी खालची कड डांबराने चिकटवली. थोरल्याने गुपचूप वरून सिमेंट थापलं, पण मला खाचेत सरकवायचं त्याला सुचलं नाही. आता माझ्यामागे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. ते थेट स्वयंपाकघरात! आणि शिव्या मात्र मला.

एके दिवशी आभाळ भरून आलं, तसे दोघेही छिन्नी, सिमेंट असं आपापलं सामान घेऊन शिडीवरून वर आले. अबोला असल्यामुळे दोघे माझ्याशीच बोलू लागले.

"पट्टे, तुला हे डांबर कोणत्या शहाण्याने फासलं गं?"

"आणि हे सिमेंट आहे की चुलीतली राख, तेही विचार त्याला!"

मी कोणाची बाजू घेणार? तेवढ्यात खाली खडखड झाली. दोघी जावांनी शिडी काढून घेतली होती.

"वहिनी, शिडी!" धाकटा ओरडला.

"आधी सांधा नीट करा, भाऊजी. पाणी उपसून हात मोडले आमचे," थोरली जाऊ शांतपणे म्हणाली.

टपोरे थेंब पडू लागले. थोरल्याने तोंड फिरवूनच हात पुढे केला. "छिन्नी दे."

"घे, दादा."

धाकट्याने डांबर खरवडलं. थोरल्याने खाच मोकळी केली. दोघांनी मिळून मला आत सरकवलं. ओल्या सिमेंटवर पाऊस पडू नये म्हणून थोरल्याने अंगातला सदरा काढून वर धरला.

"दादा, गारठशील!"

"मी वाळेन रे. आधी खाच बुजव!"

खाली शेगडीवर थेंब पडेनासा झाला, तरी जावांना शिडी लावायची घाई नव्हती. दोघे भाऊ भिंतीला टेकून भिजत बसले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलत राहिले.

मित्रांनो, अधूनमधून वर चढून आम्हा पट्ट्यांची विचारपूस करत जा. सांधा कोणाचा, याचा वाद घालू नका. ज्याला आधी ओल दिसेल, त्याने आधी हात लावावा. आणि वर चढण्यापूर्वी घरातल्या बायकांशी गोड बोलून घ्यावं.