ब्लांदिनाची उरलेली गोष्ट

बाहत्तरच्या दुष्काळात तळवाडीची शब्बाथ शाळा, म्हणजे ख्रिस्ती पोरांची रविवारची शाळा, खडीच्या कामावर भरायची.

मुरुम गावाच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी मांगवाड्यातली, आणि त्या साली सगळीच्या सगळी सरकारी रस्त्यावर खडी फोडत होती. कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. म्हणून मथुराबाई रविवारी मुरुमहून एसटीनं येत, फाट्यावर उतरून उन्हातून चालत कामावर पोचत आणि दुपारी माणसं भाकरी खायला बसली की पोरांना बाभळीच्या विरळ सावलीत गोळा करत. त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. तरण्या वयात विधवा झाल्या, सोलापुरात शिकल्या, आणि तेव्हापासून गावोगाव फिरून पोरांना शिकवत आल्या होत्या. गोष्ट सांगायला लागल्या की मोठी माणसंही हातातला घास तसाच धरून ऐकत बसायची.

ऐकणाऱ्यांत सगळ्यांत पुढं असायची लिंबाजीची सुवार्ता. दहा-अकरा वर्षांची, काटकुळी. तिचं आधीचं नाव सुंद्री. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी सुवार्ता ठेवलं, आणि कुणी जुन्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नसे.

तिचा बाप लिंबाजी पूर्वी मरीआईचा पोतराज होता. कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात चाळ, पाठीवर मोकळे केस, आणि दारोदार स्वतःच्या अंगावर आसूड ओढायचा. बापाकडून आलेलं काम. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यानं केस कापले. सुवार्ता तेव्हा लहान होती, पण बापाच्या मानेवर पहिल्यांदा ऊन पडलेलं तिला आठवत होतं. बापाच्या पाठीवरचे वळ बुजले तशी ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपायला लागली होती.

त्या उन्हाळ्यात मथुराबाईंनी पोरांना फार जुन्या काळातल्या ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी सांगायला घेतल्या. रोमी राज्यात त्यांचा कसा छळ झाला, ते कसे डगमगले नाहीत. एका रविवारी त्यांनी ब्लांदिनाची गोष्ट सांगितली.

"ती कुणी राणी नव्हती, सरदाराची लेक नव्हती," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरची दासी होती. अंगानं इतकी किडकिडीत, की तिच्या मालकिणीलाच काळजी, ही पहिल्या फटक्यात मोडणार. पण मारणारे थकले, ती नाही थकली. तिचं एकच म्हणणं, मी ख्रिस्ती आहे, आणि आम्ही काही वाईट केलेलं नाही."

"तिला सोडून द्यायला काय मागत हुते?" सुवार्तानं विचारलं.

"बादशहाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकायचा. बाकी काही नाही."

"चिमूटभरच?"

"चिमूटभरच. पण नाही टाकला तिनं."

सुवार्तानं बोटांची चिमूट करून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आमच्यावानीच हुती की ती." बाईंना ते ऐकून भरून आलं. गावात जिच्या सावलीपासूनही लोक बाजूला सरकत, त्या पोरीला सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची एक बहीण सापडली होती.

चैत्र संपता संपता गावात हगवण सुरू झाली. विहिरी आटलेल्या. पाणी उरलं होतं ते फक्त महालिंगप्पाच्या मळ्यातल्या विहिरीला. महालिंगप्पा सोसायटीचे चेअरमन. माणूस दुष्ट नव्हता. मांगवाड्याच्या बायका विहिरीपासून लांब घागरी ठेवत, त्यांचा गडी वरून पाणी ओती, पण रोज ओती. त्यांचाच नातू हगवणीनं गेला. अंगणात खेळणारं पोर सकाळी आजारी पडलं आणि दुपारी मातीत ठेवलं. त्यानंतर गावातली जाणती माणसं म्हणायला लागली, मरीआई कोपली. गाडा काढून तिला शिवेबाहेर पोचवायला पाहिजे. आणि गाड्यापुढं पोतराज पाहिजे.

महालिंगप्पा स्वतः मांगवाड्यात आले. लिंबाजीच्या दारात उभे राहिले. डोळे सुजलेले.

"लिंबाजी, पोतराज तुझ्या घरातला. येकदा गाड्याम्होरं चल. मंग तू तुझ्या येशूचं कर, आमी आडवं येनार न्हाय."

"मालक, म्या ते सोडलंय. मला न्हाय जमायचं."

"म्या तुझ्या पाया पडू का?" महालिंगप्पा खरंच वाकले. लिंबाजी घाबरून मागं सरला. त्यांच्याबरोबर आलेला एकजण मात्र वाकला नाही. तो म्हणाला, "चलला न्हाईस तर उद्यापासनं तुमच्या वाड्याची घागर त्या मळ्यात दिसता कामा न्हाय." महालिंगप्पांनी त्याला अडवलं नाही. मान खाली घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मांगवाड्यातल्या घागरी रिकाम्या परत आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेजारची घरं लिंबाजीकडं बघायला लागली. चांगुणाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, अंगावरचं दूध आटलं. त्यांचा तान्हा योना रडून रडून आता आवाज न करता नुसतं तोंड उघडायला लागला. लिंबाजीनं ते तोंड बघितलं आणि उठला.

गाडा निघाला तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं होतं. हलगी वाजत होती. लिंबाजीचे केस आखूडच होते, म्हणून कुणीतरी त्याच्या डोक्याला हिरवं फडकं बांधलं. चिंध्यांचा घागरा दुसऱ्या गावाहून आणला होता. त्यानं आसूड उचलला आणि पहिला फटका पाठीवर ओढला तेव्हा बुजलेल्या वळांवरची कातडी पुन्हा फुटली. गर्दीत सुवार्ता उभी होती. लिंबाजीची आणि तिची नजरानजर झाली. त्यानं त्यानंतर डोळे वर केले नाहीत. शिवेपर्यंत तो स्वतःला मारत गेला, आणि लोक म्हणाले, असा पोतराज कधी बघितला न्हवता.

संध्याकाळी मांगवाड्यात पाणी आलं. महालिंगप्पांनी बैलगाडीवर पिंप भरून पाठवलं. चांगुणानं तांब्या भरून आधी योनाच्या तोंडाला लावला, मग सुवार्ताकडं केला. तिनं तांब्या घेतला नाही.

"पी की गं," चांगुणा म्हणाली.

"मला नगं ते पानी."

लिंबाजी भिंतीकडं तोंड करून पालथा पडला होता. पाठीला हळद लावलेली. तो तसाच म्हणाला, "पोरी, पान्याला कसला आलाय देव. पी."

"धूप बी चिमूटभरच हुता, बाबा," सुवार्ता म्हणाली.

ती रागानं बोलली नव्हती. हळूच बोलली. लिंबाजीनं तोंड भिंतीकडंच ठेवलं. त्या रात्री ती त्याच्या पाठीशी झोपायला आली नाही.

घरचं पाणी ती पीत नाही हे चांगुणाला माहीत होतं. तिला वाटलं, पोर हट्टी आहे, तहान लागली की पिईल. पण खडीच्या कामामागं जुनी खाण होती आणि खाणीच्या तळाला हिरवट पाणी साचलेलं असायचं. गुरंही त्याला तोंड लावत नसत. सुवार्ता तिथं उतरून ओंजळीनं पाणी पीत होती, हे तिच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

हगवण लागली ती पहाटे. ऊन चढेपर्यंत सुवार्ताचे डोळे आत गेले होते. लिंबाजीनं तिला खांद्यावर घेतलं आणि मुरुमच्या दवाखान्याकडं निघाला. चांगुणानं बाटलीत घरचं पाणी भरून दिलं, मीठ-साखर टाकून. रस्ता पांढरा पडला होता. वाटेत झाड असं उरलं नव्हतं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. लिंबाजी एका पुलाखाली सावलीला बसला आणि बाटली तिच्या तोंडाशी नेली.

तिनं डोळे उघडले. "ह्ये कुठलं पानी हाय, बाबा?"

लिंबाजीला वाटलं, खरं सांगावं. मग त्यानं तिच्या ओठांकडं बघितलं.

"दवाखान्याचं हाय," तो म्हणाला. "मुरुमचं. डाक्तरनं दिलंय."

"मंग दे," ती म्हणाली, आणि घटाघटा प्याली. पिता पिता तिनं बापाचं मनगट धरलं होतं. गाड्याच्या दिवसानंतर तिनं त्याला हात लावला तो तेव्हाच. मुरुमची घरं दिसायला लागली तेव्हा खांद्यावरचं ओझं एकदम जड झालं, आणि लिंबाजीला कळलं. तरी तो दवाखान्यापर्यंत पळत गेला.

आजाऱ्यांना भेटायला गेलेल्या मथुराबाईंना बातमी दवाखान्यातच कळली. लिंबाजी ओसरीवर बसला होता, पोर मांडीवर. त्यानं बाईंकडं बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

महिन्यानं पाळकसाहेब आले. मांगवाड्यातल्या प्रार्थनेच्या खोलीत, उपासनेत त्यांनी सुवार्ताचं नाव घेतलं. म्हणाले, या लेकरानं पहिल्या काळातल्या साक्षीदारांसारखी साक्ष दिली, तळवाडीच्या मंडळीनं तिचा अभिमान धरावा. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. लिंबाजी दाराशी बसला होता, तो उठून बाहेर निघून गेला. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी वडीलधाऱ्यांना सांगितलं, लिंबाजीला काही काळ प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं वाटायची पवित्र भाकर, देता येणार नाही, आधी त्यानं सगळ्यांपुढं पश्चात्ताप करावा. चांगुणा योनाला छातीशी धरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, त्यानं पाठ फोडून घेतली ती आमच्यासाठनं. त्यो पश्चात्ताप कुनापुढं करायचा?" पाळकसाहेबांनी बायबल मिटून पिशवीत घातलं.

मथुराबाई तिथंच बसल्या होत्या, पण लिंबाजीची बाजू घेऊन उठल्या नाहीत. मुरुमला जाताना एसटीत त्यांच्या शेजारी कोण बसलं, तिकीट काढलं की नाही, त्यांना काही आठवेना. त्यांना सोलापुरात शिकलेली एक गोष्ट राहून राहून आठवत होती.

पुढच्या रविवारी त्या कामावर गेल्या. बाभळीखाली पोरं बसली. पुढची जागा मोकळीच होती, तिथं कुणी बसत नव्हतं. लिंबाजी थोड्याच अंतरावर खडी फोडत होता. भाकरीच्या सुट्टीतही तो हातोडा खाली ठेवत नसे. बाई उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायला लागल्या.

"ब्लांदिनाची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती. पण ती पुरी नव्हती. तिच्याबरोबर पुष्कळ जण धरले होते. त्यातले सगळे टिकले नाहीत. काहीजण घाबरले. मार सोसवेना, घरची माणसं डोळ्यांपुढं आली, आणि ते म्हणाले, आम्ही ख्रिस्ती नाही."

"मंग त्यास्नी सोडलं?" एका पोरानं विचारलं.

"नाही सोडलं. त्यांनाही त्याच तुरुंगात टाकलं. आता सांगा, जे टिकले होते ते ह्यांना काय म्हणाले असतील?"

"भित्रे म्हनले आसतील," पोरगं म्हणालं.

"नाही." बाईंनी लिंबाजीकडं बघितलं. "त्यांनी कुणालाच काही म्हटलं नाही. ते त्यांच्यासाठी रडले. आई जशी पडलेल्या लेकरासाठी रडते तसे. त्यांना जवळ घेतलं, आपल्यात बसवलं. आम्ही मोठे आणि तुम्ही हलके असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मी हे शिकले होते, पोरांनो. लहान पोरांचा गोंधळ होईल म्हणून मी एवढंच सोडून दिलं."

हातोड्याचा आवाज बंद झाला होता. पोरं मागं वळून बघायला लागली. लिंबाजी उठून आला होता. अंगभर दगडाची पांढरी धूळ. तो पोरांच्या कडेला उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या पोरीला ह्ये ठावं हुतं का?"

मथुराबाईंना खोटं बोलता आलं असतं. पोर गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

"नाही लिंबाजी. तिला मी सांगितलंच नव्हतं."

लिंबाजी तसाच उभा राहिला. त्याला बाईंचा राग आला असेल असं पोरांना वाटलं. पण तो खाली बसला, सुवार्ताच्या जागेशेजारी, मातीत.

"म्या तिला खोटं पाजलं, बाई," तो म्हणाला. "दवाखान्याचं म्हनून त्येच पानी पाजलं. ती माझा हात धरून प्याली. हे ठावं आसतं तर तिनं खरं सांगून बी पिलं आसतं का वो?"

 बाई त्याच्यासमोर खाली बसल्या आणि रडायला लागल्या. पोरांनी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मुकादमानं शिट्टी मारली. पोरं उठली नाहीत. लिंबाजीही उठला नाही.

पाळकसाहेबांनी पुढं आपला शब्द मागं घेतला. मथुराबाई त्यांच्याशी भांडल्या होत्या. पण प्रभुभोजनाची भाकर समोर आली की लिंबाजी मान हलवायचा आणि ताट पुढं सरकवायचा. तो प्रत्येक उपासनेला येई, दाराशी बसे, गीतं म्हणे. महालिंगप्पांनी त्याच उन्हाळ्यात मांगवाड्याच्या बायकांना विहिरीवर स्वतः पाणी शेंदू दिलं. गावातून बोलणी झाली, पण ते बधले नाहीत. चांगुणा पहिल्यांदा विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि पोहरा हातातच धरून, सुवार्तानं नाकारलेल्या त्या पाण्याकडं किती तरी वेळ बघत राहिली.